अहेराची वेल

लाज वाटून घ्यायलाही अंगात रग लागते, आणि परळपासून लालबागपर्यंतच्या सगळ्या माणसांची मिळून जेवढी रग भरेल तेवढी एकट्या माझ्या मोठ्या मामाकडे आहे. हे मी अनुभवाने सांगते, कारण लोकांना लाज वाटायला लावणं हाच माझा उद्योग आहे. झाडांच्या बुंध्याला सिमेंट फासणारे, फांद्यांवर दिव्यांच्या माळा आवळणारे, खाडीत भराव टाकणारे, या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, कचेरी म्हणजे दादरला एका मैत्रिणीच्या इमारतीचा जिना, आणि माझ्या प्रत्येक पत्रकाचा शेवट ठरलेला असतो : "यांना लाज वाटली पाहिजे!" आजवर कोणाला वाटली? बुंध्याला सिमेंट फासणाऱ्या कंत्राटदाराने माझं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "छपाई चांगली आहे, कुठे करता?" बाकीच्या प्रतींत नाक्यावरच्या चणेवाल्याने चणे बांधले. या अख्ख्या शहरात माझं ते शेवटचं वाक्य मनावर घेणारा वाचक एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या आईचा भाऊ निघाला. याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी मी जन्मात दुसऱ्या कोणाला वाटायला लावू शकलेली नाही.

मामाचं आधीपासूनच असं आहे. स्वतःच्या वाट्याची लाज त्याला पुरत नाही, म्हणून तो जगाची उसनी घेतो. कोणाच्याही लग्नात हॉलचे पंखे बंद पडले की हा उठून शेजारच्या पाहुण्यांची माफी मागतो, आणि ते त्याला वधूपिता समजून "अहो, चालायचंच" म्हणतात. खानावळीत बिनमिठाची आमटी आली तर वाढप्याला वाईट वाटू नये म्हणून हा "वा!" म्हणतो, मग वाढपी खूश होऊन आणखी दोन वाट्या ओततो, आणि मामा त्याही संपवतो. एका शोकसभेत कोणाचा तरी मोबाईल नाचाच्या गाण्यावर वाजला. ज्याचा होता तो खुशाल मांडी घालून बसून राहिला. मामा उठला, गेलेल्या माणसाच्या फोटोला हात जोडून "माफ करा" म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मोबाईल मामाचाच होता असं त्या घरात आजही मानतात. मी नाक्यावर माइक घेऊन बोलायला उभी राहिले की हा समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीआड उभा असतो. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, माझीच लाज वाटते का तुला? पुढे ये ना!" तर म्हणाला, "तसं नाही बाय. तू कुठे चुकलीस तर माझी मान आपोआप खाली जाते. ती तुला दिसली की तू आणखी चुकशील."

आता वेलीबद्दल. ती तुम्ही शंभरदा पाहिलेली आहे आणि शंभरदा "किती गोड!" म्हणालेले आहात. पान पत्त्यातल्या बदामासारखं, पण कडा झालरीसारखी वरखाली झालेली आणि शिरा ठळक उठलेल्या. फुलं गुलाबी, झुबक्यांनी लोंबणारी, आणि झुबक्याच्या टोकाला बारीक वळलेले आकडे. त्या आकड्यांनी ती जे हाताला लागेल ते धरते : कुंपण, दिव्याचा खांब, केबलची वायर, झाड. लोक तिला लाडाने आईस्क्रीम वेल म्हणतात. मी माझ्या पत्रकात तिला 'गुलाबी गुन्हेगार' म्हटलं होतं आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही. ती इथली नाही, शोभेसाठी आणलेली आहे, आणि झाडावर चढली की त्याचं ऊन अडवून त्याला हळूहळू गुदमरवते. वरून कापली तर तिचं काही बिघडत नाही, कारण तिचा जीव वर नसतोच. तो जमिनीखाली कंदांत असतो, रताळ्यांसारख्या एकाला एक लागलेल्या. एक तुकडा राहिला तरी पुन्हा कोंब, पुन्हा वेल, वर्षानुवर्षं.

ही वेल गिरणगावाबाहेर कोणी पोचवली याची चौकशी मी कधी केली नव्हती, कारण 'ज्यांनी ही वाटली ते लोक' असं लिहिताना लोक म्हणजे नेहमी दुसरे कोणीतरी असतात. प्रत्यक्षात मामा तरुणपणी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. तिथल्या साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणावर ही वेल होती आणि पाळी सुटली की मामा ती बघत उभा राहायचा. गिरणीला कायमचं कुलूप लागायच्या सुमारास त्याने कुंपणाखालचा एक कंद उकरला आणि डब्याच्या पिशवीत घातला. गेटवर झडती घेणाऱ्याने विचारलं, "काय आहे?" मामा म्हणाला, "रताळं." त्या खोटेपणाची लाज त्याला अजून वाटते. गिरणी गेली त्याबद्दल ज्यांना लाज वाटायला हवी होती, त्यांचं काय झालं ते मला विचारू नका, त्यावर माझं वेगळं पत्रक आहे.

पुढे मामा एका छापखान्यात पुठ्ठे बांधायला लागला, कंद त्याच्या परळच्या चाळीमागे रुजला, आणि मामाने अहेराची नवी पद्धत काढली. पत्रिकेवर 'कृपया अहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी रिकाम्या हाताने जायची त्याला लाज. म्हणून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वेल लावायची, डब्याला लाल रिबीन बांधायची आणि स्टेजवर नवरानवरीच्या हातात डबा देऊन म्हणायचं, "तुमचा संसार हिच्यासारखा फोफावू दे. पाणी नाही घातलं तरी चालेल." नात्यातलं, शेजारातलं, गिरणीतल्या जुन्या सोबत्यांच्या पोरांचं एकही लग्न त्याने सोडलं नाही. लग्नाच्या फोटोंत सगळीकडे नवरीच्या मांडीवर तो पत्र्याचा डबा आहे.

आणि मग मी हौसेने त्याला माझं पत्रक वाचायला दिलं. मामा छापील कागद कधीच वाया घालवत नाही, वडापावचा कागदही तो आधी वाचतो आणि मग वडा खातो. त्याने माझं पत्रक घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या त्या जिन्यावर हजर झाला. कपडे इस्त्रीचे, तोंड उतरलेलं.

"बाय, हे शेवटचं वाक्य. 'ज्यांनी ही लावली, वाटली आणि पोसली त्यांना लाज वाटली पाहिजे.' हे मलाच ना?"

"अरे मामा, तुला कसं? ते सर्वसाधारण लिहायचं असतं."

"लावली मी. वाटली मी. पोसली मी. सर्वसाधारण म्हणजे आणखी कोण राहिलं?" तो पायरीवर बसला. "वाटली लाज. आता पुढे काय करायचं ते लिहिलेलं नाही."

खरंच लिहिलेलं नव्हतं. लाज वाटल्यावर माणसाने काय करायचं, हा प्रश्न आमच्या गटापुढे कधी आलाच नव्हता. मामाने उत्तर स्वतःच काढलं. दिलेले सगळे अहेर परत मागायचे. मी म्हटलं, "असं कोणी करतं का?" तो म्हणाला, "नाही करत. म्हणूनच तू सोबत ये. मी एकटा गेलो तर लोकांना वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तू असलीस की मोहीम दिसेल."

तर अशी आमची मोहीम सुरू झाली. कोणाकोणाला वेल दिली हे मामाने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्याला लग्नं जेवणांवरून आठवतात. "मसालेभात खाली लागला होता ते माटुंग्याचं, आणि जिलबी संपली म्हणून मुलाकडचे रुसले ते ठाकूरद्वारचं." दारात उभं राहून त्याचं वाक्यही ठरलेलं : "तुमच्या लग्नात मी एक डबा दिला होता. तो चुकून दिला." माणसं आधी घाबरायची, कारण आता डब्यात काय होतं कोणास ठाऊक. मग मी पुढे व्हायचं आणि पान, कडा, आकडे दाखवत आपण तज्ज्ञ असल्यासारखं बोलायचं. माझे कान गरम झालेले असायचे. हजार माणसांपुढे ओरडायला मला काही वाटत नाही, पण एका बाईच्या दारात, तिच्या चपलांशेजारी उभं राहून तिच्या लग्नाची भेट परत मागणं, यासाठी लागणारं धैर्य माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

माटुंग्याच्या बाई दार अर्धं उघडून सगळं ऐकत होत्या. शेवटी आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वेल न्या, आणि यांनाही घेऊन जा. हेही त्याच मांडवातून आलेत." आतून आवाज आला, "मला ऐकू येतं हां!" ठाकूरद्वारच्या वाडीत तर अंगणभर वेल होती आणि शेजारीच कठड्यावर गुळवेलही. घरातले आजोबा म्हणाले, "ही कशाला काढताय? त्या साथीच्या वर्षापासून आम्ही रोज हिचाच काढा पितो." मी दोन्हींची पानं हातात देऊन फरक दाखवला. गुळवेलीचं पान गुळगुळीत, कडा सरळ, खोडावर पुटकुळ्या. ही बघा झालरवाली. आजोबा काढ्याच्या पातेल्यात डोकावले, आजी डोकावल्या, आणि मामा एकदम हात जोडून कोपऱ्यात उभा. "काही त्रास?" त्याने विचारलं. "नाही." "फायदा?" "तोही नाही." "मग माझ्या हातून एवढंच बरं झालं," असं म्हणून मामाने खणायला घेतलं.

खणताना मामा माझ्या पत्रकातला प्रत्येक शब्द कायदा असल्यासारखा पाळायचा. आम्ही साधारणपणे खोडाभोवती रुंद खड्डा घेतो, मोठा कंद न तोडता उचलतो आणि माती हाताने तपासतो. मी लिहिलं होतं, 'एकही तुकडा राहता कामा नये,' म्हणून मामा माती चहाच्या गाळणीने चाळायचा. एका खड्ड्याला दुपार जायची. कंद कचऱ्यात टाकायलाही त्याची ना. "कचऱ्याच्या डोंगरावर रुजली तर तिथे मी कोणाच्या दारात जाऊन माफी मागू?" मग सगळे कंद परळच्या गच्चीवर पत्र्यावर वाळत पडायचे, काळे पडून खडखडेपर्यंत. चाळीत बोलवा झाली की मामाने सुरणाचा धंदा टाकलाय, आणि दोन बायका भाव विचारून गेल्या.

याच सुमारास मला रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात तीच वेल नव्याने लावलेली दिसली, सुशोभीकरण म्हणून! मी तडक तिथल्या बागकाम बघणाऱ्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि पत्रकातल्या भाषेत बोलले. साहेब शांतपणे पंख्याखाली बसून होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा मागून मामा पुढे आला. "साहेब, मूळ चूक माझी आहे. तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं." साहेबांनी त्याला चहा मागवला. ती वेल अजून त्या पट्ट्यात आहे, साहेबांना अजून लाज नाही, आणि मामा त्या रस्त्याने जाताना अजून पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

असे सगळे अहेर परत आले. एक राहिला. तो आमच्याच दारात होता.

लालबागला आमच्या चाळीच्या आवारात, नळाजवळ बकुळीचं झाड आहे. आईच्या लग्नात मामाने दिलेली वेल त्या बकुळीवर चढून, वायरवरून दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीपर्यंत आलेली होती. माझ्या पत्रकावरचा फोटो तिचाच. मागे वाळत घातलेले आईचे गाऊन दिसत होते, तेवढे मी कापून टाकले. बकुळीची एक बाजू वठली होती, आणि मी गावभर लोकांना शहाणपण शिकवत असताना स्वतःच्या घरात मात्र माझी ताकद नव्हती. मी कोयता हातात घेतला की आई म्हणायची, "हात लाव, मग तुका दाखवतंय." बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, मी दिवसभर बाहेर. मामा परळहून चालत येऊ शकतो, पण तो वर्षातून एकदाच यायचा, भाऊबीजेला. कारण? लाज! विधवा बहिणीकडे भाऊ वरचेवर गेला की चाळीत म्हणतात, खोलीवर डोळा आहे. असं कोणी त्याला म्हटलेलं नव्हतं. पण म्हणतील, एवढं त्याला पुरेसं होतं. "तो येत नाही," आई एकदा मला म्हणाली, "त्याची वेल तरी दारात येते."

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला तो काखेत लांबलचक कापडी पिशवी मारून. पाटावर बसला, पिशवी मांडीखाली दडपली. आईने ताट घेतलं. मामाची मान इतकी खाली की टिळा कपाळाऐवजी टाळूला लागला.

"पिशयेत काय हाडलंस, दादा?"

"फराळ."

"फराळाक दांडो असता?"

कुदळीचा दांडा पिशवीतून वीतभर बाहेर आला होता. मामाने तो आत ढकलला, तो दुसरीकडून आला.

"आजच्या दिवशी बहिणीला द्यायचं असतं गो," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "मी दिलेलं मागायला आलोय. असा भाऊ कोणाच्या वाट्याला येऊ नये."

आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. "लोक काय म्हणतील म्हणून तू वर्षभर येणस नाय," ती म्हणाली, "आणि लोक काय म्हणतील म्हणून आता वेल नेतस. माझा म्हणणा कोणी इचारलंय?"

मामाने दांडा पुन्हा पिशवीत ढकलला. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, बकुळीबद्दल, उन्हाबद्दल, कंदांबद्दल, आणि त्यातला एक शब्द त्या खोलीत काढण्यासारखा नव्हता.

"खण," आई शेवटी म्हणाली. "बकुळ मरता, तां माका पण दिसता. पण एक ऐक. कोंब इलो की तूच येवचंस. दुसऱ्यान कोणी हात लावचो नाय." मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिनेसुद्धा."

"कोंब येतच राहतात गो. एकदा खणून ती संपत नाही. पत्रकातच लिहिलंय."

"वाचलंय मी," आई म्हणाली आणि ओवाळायला लागली.

त्या दुपारी मामाने बकुळीखाली खड्डा घेतला. सगळ्यात जुना कंद तो, दोघांनी धरून काढावा लागला. मामा गाळणी घेऊन माती चाळत बसला, आई शेजारी उभी राहून देखरेख करत होती. मला तेवढ्यात दिसलं की तिच्या डाव्या पायाखाली एक लहानसा कंद आहे. मामाने चाळता चाळता सांगितलं, "जरा सरक गो." ती उजवा पाय सरकवायची. डावा तिने शेवटपर्यंत उचलला नाही. मी मोहिमेची तज्ज्ञ. मी वर गेले आणि चहा टाकला.

तेव्हापासून दर काही आठवड्यांनी कोंब येतो, आई फोन करते, "दादा, इलो बघ," आणि मामा खुरपं घेऊन निघतो. पिशवीत नाही, हातात उंच धरून, आवारातून सगळ्यांना दिसेल असं. खुरपं घेऊन येणाऱ्या माणसाचा खोलीवर डोळा आहे असं कोण म्हणेल? तो कोंब खणायला चहा होण्याइतकाही वेळ लागत नाही. पण आधी चहा होतो, मग जेवण, मग मामा वर्तमानपत्राचा तुकडा न तुकडा वाचून दाखवतो, आई त्याला "गप रव" म्हणते, आणि दिवेलागणीला दोघं खाली उतरून कोंब काढतात. बकुळीच्या वठलेल्या बाजूला पालवी आली आहे. माझ्या पत्रकाची नवी आवृत्ती निघाली, त्यात मी 'दिसताक्षणी उपटा' हे ठळक अक्षरात घेतलं आहे. आमच्या आवारात मात्र कोंब दिसला की आई त्यावर नारळाची करवंटी पालथी घालते, झाडूवालीने चुकून उपटू नये म्हणून. मामा येईपर्यंत तो करवंटीखाली सुरक्षित असतो. मला हे माहीत आहे, आणि मी दादरला जाऊन लोकांवर ओरडते.

अलीकडे कोंब बारीक यायला लागलेत, पान जेमतेम नखाएवढं. मामाच्या गुडघ्यांचीही कुरकुर असते, पण बोलावणं आलं की तो चालत येतो. परवा सकाळी मी नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले होते. आई बकुळीपाशी वाकून, करवंटी उचलून बघत होती. खाली नुसती माती.

"अजून कसो येना नाय गो?" तिने मला विचारलं.

उत्तर मला पाठ आहे. सारखे कोंब खुडले की कंदाची साठवण संपते, तो दमतो आणि एक दिवस जमिनीतच विरून जातो. आम्ही याला यश म्हणतो.

"येईल गं," मी म्हटलं. "ती काही अशी सहजासहजी जात नाही."

आईने मान हलवली. तिच्या दुसऱ्या हातात तांदूळ धुतल्याच्या पाण्याचं पातेलं होतं. बकुळीला घालते म्हणाली, आणि सगळं पाणी तिने हलक्या हाताने करवंटीच्या जागी ओतलं. मी गठ्ठा छातीशी धरून जरा बाजूला झाले, तिला वाकायला जागा हवी होती. माझी मान कधी खाली गेली ते मलाच कळलं नाही.